पुरुषाचं उत्तरांग, स्त्रीचं पूर्वांग

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही गिटार वाजवता आणि गाता. तुमच्या पत्नी लहानपणापासून हिंदुस्तानी शास्त्रीय गायन शिकलेल्या आहेत. सिव्हिल वॉर्स, गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज, वॉचहाउस अशा अमेरिकन लोकसंगीताच्या वळणानं गाणाऱ्या जोड्या ऐकून तुम्हा दोघांना तसंच गावंसं वाटू लागलं. घरी बसून तुम्ही चालीवर तिसऱ्या सुराची हार्मनी, म्हणजे चालीबरोबर त्याच वेळी गायचा वेगळा सूर, लावली. सूर चुकत नाहीत, ताल चुकत नाही, तरी ऐकताना 'शाळेतल्या समूहगीतासारखं' वाटतं. तुम्हाला दोन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत: त्या गाण्यांत स्त्री आणि पुरुषाचे आवाज एकत्र आले की असं नेमकं काय होतं? आणि ते फक्त प्रेमात असलेल्या जोड्यांनाच जमतं का?

मी आधी हिंदुस्तानी शिकले, मग गोव्यात सहा वर्षं एका कॉयरमध्ये खालच्या पट्टीतला स्त्री-आवाज, म्हणजे ऑल्टो, गायले. गेली अठरा वर्षं पुण्यात दोन-तीन आवाजांच्या रचना बांधून देते आणि गाणाऱ्या जोड्यांचं गाणं बसवून घेते. तुमच्यासारखी अडचण घेऊन येणारे बहुतेकजण 'हार्मनीचा सूर कोणता लावायचा' असं विचारतात. माझ्या अनुभवात प्रश्न सुराचा क्वचितच असतो, तो पट्टीचा असतो. गाणं कुणाच्या सोयीच्या पट्टीत बसवलं आणि त्यापायी दुसऱ्याचा आवाज कुठे जाऊन पडला, यावर निम्म्याहून जास्त गोष्टी ठरतात.

आपल्याच पेटीवर बघू या. पुरुष गायक साधारण काळी एकच्या आसपास षड्ज धरतात, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ. स्त्रिया काळी चारच्या आसपास, म्हणजे सुमारे २०८ हर्ट्झ. गळ्यागळ्यानुसार हे वरखाली होतं. काही बायका पांढरी चारमध्ये सुखानं गातात, काही पुरुष काळी तीनमध्ये. पण ढोबळमानानं त्याचा पंचम तोच तिचा षड्ज. आता दोघांचे पल्ले एकमेकांवर ठेवा. त्याच्या मध्य पंचमापासून तार गंधारापर्यंतचा जो पट्टा आहे, तोच तिच्या मध्य षड्जापासून धैवतापर्यंतचा पट्टा. सुमारे २०८ ते ३५० हर्ट्झ. त्याचं उत्तरांग, म्हणजे सप्तकाचा वरचा अर्धा भाग, आणि तार सप्तकाचा उंबरठा; तिचं पूर्वांग, म्हणजे खालचा अर्धा भाग, आणि थोडं पुढचं. जागा एकच आहे. तो तिथे चढून आलेला असतो, ती तिथे उतरून आलेली असते.

या गाण्यांची ओढ मला या अरुंद पट्ट्यात सापडते. तिथे पुरुषाचा आवाज हलका, ताणलेला, थोडा उघडा पडलेला होतो. बाईचा आवाज गडद, बोलल्यासारखा, छातीतून येणारा होतो. दोघंही आपापल्या घरातून निघून मधल्या ओसरीवर आलेले असतात. सुरांची उंची जवळजवळ सारखी, आवाजाची जात मात्र वेगळी, म्हणून कान क्षणभर गोंधळतो: वरचा सूर कुणाचा, खालचा कुणाचा? मला तो गोंधळ फार प्रिय आहे.

वेल्च आणि रॉलिंग्ज ऐकताना हे मुद्दाम तपासा. तिचा आवाज खालचा, त्याचा पुरुष असून वर चढणारा. त्यांच्या २००१ च्या आल्बममध्ये बराच वेळ फक्त दोन गिटारी आणि दोन गळे आहेत, आणि दोन्ही गळे त्याच पट्ट्यात एकमेकांना खेटून चालतात. १९७३ साली कंट्री गायक ग्रॅम पार्सन्सच्या पहिल्या एकल आल्बमवर एमिलू हॅरिस हार्मनी गायली. तिचा सूर त्याच्या वर आहे, पण उंच जाऊन चमकत नाही, त्याच्या खांद्याला खांदा लावून राहतो. रॉबर्ट प्लांट हे सगळ्यात बोलकं उदाहरण. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या काळात तो एकटा पुढे उभा राहून किंचाळायचा. २००७ मध्ये ॲलिसन क्राउसबरोबर गाताना त्यानं आवाज इतका खाली आणि इतका हळू ठेवला की तिचा बारीक आवाज त्याच्याशेजारी बिचकत नाही. त्या आल्बमला २००९ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम आल्बमचं ग्रॅमी मिळालं.

ही प्रथा जुनी आहे. १९२७ च्या ऑगस्टमध्ये टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी कार्टर कुटुंबाची पहिली ध्वनिमुद्रणं झाली. त्यात मुख्य चाल सारा कार्टर गाते, खणखणीत आणि खालच्या आवाजात, आणि नवरा ए. पी. कार्टर वाटेल तेव्हा खालून सूर देतो, वाटेल तेव्हा गप्प बसतो. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सेक्रेड हार्प गायनात, ज्याचं पुस्तक १८४४ चं आहे, मुख्य चाल आणि तिच्या वरचा भाग हे दोन्ही बायका आणि पुरुष मिळून गातात, आपापल्या सप्तकात. चार आवाजांची रचना सहा आवाजांसारखी भरून येते. बाई वरच आणि बाप्या खालीच असा नियम या परंपरेत कधी पक्का झालाच नाही.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही लिहिलंय की गाणी पांढरी एकमध्ये बसवता, कारण तुम्हाला चाल आरामात गाता येते. तिथेच गाणं अडलंय. पांढरी एकमध्ये तुमची चाल तुमच्या खालच्या षड्ज-पंचमात फिरते. त्या चालीचा तिसरा सूर त्याच सप्तकात लावायचा तर तो तुमच्या पत्नींना फार खाली जातो, म्हणून त्या नकळत एक सप्तक वर उडी मारतात. कागदावर गंधारच, पण तुमच्यात आणि त्यांच्यात एका सप्तकाहून जास्त अंतर पडलं. एक तळमजल्यावर, एक गच्चीवर. समूहगीत वाटतं ते यामुळे.

काही वर्षांपूर्वी अगदी असंच एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. मी काहीच शिकवलं नाही, गाणं फक्त पांढरी एकवरून पांढरी चारवर नेलं. त्याची चाल वर सरकली, तिचा गंधार गच्चीवरून त्या मधल्या पट्ट्यात उतरला. पहिल्या ओळीलाच दोघांनी गाणं थांबवून एकमेकांकडे पाहिलं. शेवटच्या ओळीत चाल तार षड्जाला भिडत होती, तिथे त्याचा गळा ओढला जाऊ लागला. मग त्या ओळीपुरती चाल तिला दिली आणि तो खाली हार्मनीवर उतरला. ही अदलाबदल करायला अजिबात घाबरू नका. सिव्हिल वॉर्सची, म्हणजे जॉय विल्यम्स आणि जॉन पॉल व्हाइटची, सगळी जादू मला तर याच अदलाबदलीत दिसते: एकसुरात सुरू करायचं, मग हळूच फाकायचं, एकमेकांना ओलांडायचं, पुन्हा एका सुरावर येऊन थांबायचं. दोघांचे आवाज एकाच मापानं वाढतात आणि एकाच मापानं विरतात.

म्हणजे पट्टी निवडताना 'मला कुठे सोपं जातं' हा विचार सोडा. चालीचा सगळ्यात हळवा भाग कोणता ते शोधा आणि तो भाग त्या मधल्या पट्ट्यात येईल अशी पट्टी धरा. गिटारवर कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, आहेच.

दुसरी गोष्ट गंधाराची, आणि इथे तुमच्या पत्नींचं शिक्षण तुमच्या फार कामाचं आहे. तानपुऱ्याचा खर्ज नीट जुळला की त्यातून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. षड्जापासून तो ३८६ सेंटवर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). गिटारचा आणि साध्या पेटीचा गंधार ४०० सेंटवर. १४ सेंटचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण दोन माणसं सूर लांबवून उभी असतात तेव्हा तोच फरक आवाजात बारीक थरथर आणतो. शुद्ध जागेवर आलात की थरथर थांबते आणि दोन आवाजांतून तिसराच काहीतरी नाद उमटल्यासारखा वाटतो. तुमच्या पत्नींचा कान ती जागा ओळखतो. तुमची गिटार त्यांना तिथून वर ओढते. तुम्ही लिहिलंय की त्या 'थोड्या उतरतात'. माझा अंदाज आहे की त्या बरोबर आहेत आणि गिटार चढलेली आहे.

उपाय सोपा आहे. जिथे दोघं सूर लांबवता तिथे कॉर्डमधला गंधार वाजवूच नका. षड्ज-पंचम वाजवा, गंधार गळ्यांना देऊ द्या. आयरिश आणि इंग्लिश लोकसंगीतातले अनेक गिटारवादक तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावतात. १९६० च्या दशकात डेव्ही ग्रॅहमनं ही जुळणी लोकप्रिय केली. आपल्या भाषेत ती सा-प-सा-म-प-सा झाली. तिच्यात गंधार नाहीच. नेहमीच्या जुळणीतून सहावी, दुसरी आणि पहिली तार प्रत्येकी एक पूर्ण सूर उतरवली की झालं. तुमच्या पत्नींना ही गिटार तानपुऱ्याजवळची वाटेल आणि त्यांचा गळा मोकळा होईल.

हार्मनी म्हणजे सतत तिसरा सूर, हाही समज बाजूला ठेवा. अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगराळ भागातल्या कितीतरी चाली पाच सुरांच्या आहेत, आणि ते पाच सूर पुष्कळदा आपल्या भूप रागाचेच असतात. भूपातल्या रिषभावर तिसरा सूर लावायला गेलात की मध्यम येतो, आणि मध्यम आला की भूप विस्कटतो. मग काय करायचं? चालीच्या सुरापासून रागातला एक सूर सोडून पुढचा घ्यायचा. षड्जाला गंधार, रिषभाला पंचम, गंधाराला धैवत, पंचमाला तार षड्ज. अंतरं आता तिसऱ्याची कमी आणि चौथ्याची जास्त. गोडवा थोडा कमी होतो आणि रानातला मोकळेपणा येतो. जुन्या डोंगरी गाण्यांचा जो उदास, उघडा आवाज तुम्हाला आवडतो, तो बराचसा या चौथ्या-पाचव्या अंतरांचा आहे. सगळीकडे तिसरा लावला की गाणं गुळमट होतं. तुमच्या ध्वनिफितीत मला थोडं तसं जाणवलं.

आपल्याकडे हे परकं आहे का, असंही तुम्ही ओघात विचारलंत. पूर्णपणे नाही. गणपतीची आरती आठवा. चाल वर गेली की ज्यांना पोचत नाही ते खालचा पंचम किंवा मध्यम धरून पुढे जातात, कुणी न शिकवता. गोव्याचा मांडो हा कोकणी गीतप्रकार तर घडलाच दोन आवाजांचा. १९व्या शतकात साष्टी भागातल्या ख्रिस्ती घरांत तो रुजला, व्हायोलिन आणि घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीवर, तिसऱ्या आणि सहाव्या अंतरानं चालणारा. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत सुरांचं लेखन-वाचन शिकवत, त्याचा हा परिणाम. मला पहिल्यांदा हार्मनी गळ्यातून कळली ती मांडो गाताना. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ चाल गात होते, मी खालून गात होते, आणि मधल्या एका ओळीत मला माझा आवाज वेगळा ऐकू येईनासा झाला.

शास्त्रीय संगीतात पंडित जसराजांची जसरंगी जुगलबंदी आहे. स्त्री एक राग गाते, पुरुष दुसरा, दोघंही आपापल्या पट्टीत. मूर्च्छनेच्या, म्हणजे त्याच सुरांतला दुसरा सूर षड्ज मानण्याच्या, तत्त्वानं त्याचा मध्यम तिचा षड्ज होतो आणि तिचा पंचम त्याचा षड्ज. अश्विनी भिडे-देशपांडे आणि संजीव अभ्यंकर यांची जसरंगी जरूर ऐका. त्यात हार्मनी अशी नाही, पण वर जो ओसरीचा मुद्दा मांडला तोच प्रश्न आपल्या माणसांनी आपल्या रीतीनं सोडवला आहे.

मोठा फरक शब्दांत आहे, आणि मराठीत हे गाणं करायचं मनात असेल तर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. आपलं युगलगीत बहुधा संवाद असतो. एक कडवं त्याचं, एक तिचं, मग शेवटी एकत्र. या जोड्यांच्या गाण्यांत दोघं एकच वाक्य एकाच वेळी म्हणतात आणि त्यातला 'मी' दोघांचा असतो. खून करून पळालेल्या माणसाचं कवन असो की सोडून गेलेल्या बाईचं, दोन्ही गळे तेच 'मी' गातात. इंग्रजीत हे सहज जमतं, कारण तिथे क्रियापदाला लिंग नाही. मराठीत 'मी गेलो' म्हटलं की बाई अडली, 'मी गेले' म्हटलं की पुरुष अडला. माझ्याकडे आलेल्या दोन-तीन जोड्यांनी स्वतःची मराठी गाणी केली आणि ती सगळी इथे येऊन थबकली. एकाच ओळीत एक 'आलो' गातो, दुसरी 'आले', आणि लांबवायच्या स्वरावर 'ओ' आणि 'ए' आदळतात.

वाटा आहेत. भविष्यकाळ मोकळा आहे: 'मी येईन' दोघांचं. 'मला आठवतं', 'माझ्या दारात', 'आपण निघू' हेही दोघांचं. 'आम्ही गेलो' चालतं, पण त्यात एकटेपणा राहत नाही. आणि एक वाट आपल्या परंपरेनंच उघडी ठेवली आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्या आणि एकनाथांच्या गौळणी पुरुष शतकानुशतकं बाईच्या क्रियापदांत गात आले, आणि वारीत कुणालाही ते खटकत नाही. तेव्हा तुम्ही तुमच्या पत्नींबरोबर 'मी गेले' गायलात तर ते गाणं दुबळं होणार नाही. मी स्वतः हाच पर्याय निवडते. पुरुषाचा उंच चढलेला आवाज आणि बाईचं क्रियापद एकत्र आलं की मला ते काळजाला भिडतं.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. प्रेमात असणं लागतं का? वॉचहाउसचे अँड्र्यू मार्लिन आणि एमिली फ्रँट्झ नवरा-बायको आहेत. विल्यम्स आणि व्हाइट नव्हते. दोघांचे संसार वेगळे होते, तरी २०११ च्या त्यांच्या आल्बममुळे लोकांना ते जोडपंच वाटायचं. २०१२ मध्ये त्यांना दोन ग्रॅमी मिळाले आणि २०१४ मध्ये जोडी फुटली. रिचर्ड आणि लिंडा थॉम्पसन यांचा १९८२ चा आल्बम बाजारात आला तो त्यांचं लग्न मोडत असताना, आणि त्यातलं गाणं जराही ढिलं नाही. लागतं ते दुसऱ्याचा श्वास ऐकणं. एकत्र राहणाऱ्या माणसांना त्याची सवय लवकर होते एवढाच त्यांचा फायदा. उलट नवरा-बायकोत एक अडचण मी नेहमी बघते: चुकीच्या सुराची टीका घरच्या जुन्या भांडणापर्यंत पोचते. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना मी सांगते की तालमीत एकमेकांना सुधारायचं नाही, ध्वनिमुद्रण करायचं आणि दुसऱ्या दिवशी ऐकून बोलायचं.

तुमच्या पत्नींसाठी एक वेगळी सूचना. हरकत आणि मुरकी त्यांच्या गळ्यात सहज येते, ती पूर्ण बंद करू नये, नाहीतर गाणं त्यांचं राहणार नाही. पण एका वेळी एकाच गळ्यानं हलायचं. त्यांनी मुरकी घेतली की तुम्ही सरळ सुरावर स्थिर. तुम्ही शब्द मागे ओढलात की त्या सरळ. आणि शब्दाचं शेवटचं व्यंजन, विशेषतः 'स', 'श', 'ट', 'त', दोघांनी म्हणू नका. एकानं म्हणावं, दुसऱ्यानं स्वरावर सोडून द्यावं. दोन माणसांचा 'स' कधीच एका क्षणी पडत नाही.

सराव असा करा. पहिले आठ दिवस गिटार पेटीत ठेवा. तानपुऱ्याचं ॲप लावा, समोरासमोर बसा, हातभर अंतरावर. षड्ज पांढरी सहा धरा, तुमच्या पत्नींचा मध्य षड्ज येईल असा, म्हणजे २२० हर्ट्झ. त्यांनी षड्ज लावून धरायचा. तुम्ही त्याच षड्जावर एकसुरात या आणि मग सावकाश गंधारापर्यंत चढा, थरथर थांबेपर्यंत. म्हणजे हार्मनीत वर तुम्ही आणि खाली त्या. तुम्हाला हे उलटं वाटेल, मुद्दाम उलटं सांगते आहे. आवाज इतका कमी ठेवा की दुसऱ्याचा आपल्याहून मोठा ऐकू येईल. तुमचा गळा ओढला जातोय असं वाटलं तर तिथेच थांबा, षड्ज अर्धा सूर उतरवा. नंतर एक चार ओळींची चाल घ्या, मध्यमाच्या वर न जाणारी. ती त्यांना गाऊ द्या, तुम्ही वरून. चाल वर चढते तिथे तुम्ही त्यांना ओलांडून खाली उतरा.

गिटार आणाल तेव्हा माइक एकच ठेवा. दोघं त्याच्याभोवती उभे राहा आणि आवाजाचा तोल बटणांनी न करता पाऊल पुढेमागे टाकून करा. महिनाभरानं त्या चार ओळींचं ध्वनिमुद्रण मला पाठवा, फोनवर केलेलं चालेल. कापाकापी करू नका, सुरुवातीचा श्वास तसाच राहू द्या. मी आधी तोच ऐकेन, दोघांनी तो एकत्र घेतलाय का ते.